जपानच्या खेड्यात शिकवायला आलात? आधी दम खायला शिका

जपानला एएलटी म्हणून, म्हणजे इंग्रजीच्या जपानी सरांच्या जोडीला वर्गात उभं राहणारी असिस्टंट टीचर म्हणून कोणी यायला निघालं की मला हमखास मेसेज येतो, "ताई, बॅगेत काय काय भरू?" मी सांगते, हिंग भर, छत्री इथे घे, आणि बाकीचं सोड. कारण पहिल्या सहा महिन्यांत लोक रडकुंडीला येतात ते सामानामुळे नाही, दमल्यामुळे. आणि गंमत म्हणजे काम काही फार नसतं हो. दिवसाला तीन-चार तास शिकवायचं, बाकी टेबलाशी बसायचं, तरी संध्याकाळी घरी आलं की चप्पलसुद्धा जागेवर ठेवायचं त्राण नाही. मला हे कळायलाच वर्ष लागलं की रिकामं बसणं म्हणजे आराम नव्हे, उलट सगळ्यांच्या नजरेसमोर परक्या भाषेत रिकामं बसण्याइतकं दमवणारं दुसरं काही नाही.

मी कुडाळकडची. जपानी शिकले पुण्यात, नोकरी लागली शिमाने प्रांतात, तिथल्या इवामी भागात, गोनोकावा नदीच्या काठच्या एका छोट्या गावात. इथली घरं लाल कौलांची, पाऊस आमच्यासारखाच चिकट, आणि "डबा विसरलास तर चालेल पण छत्री विसरू नकोस" अशी इकडे म्हणच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी वाटलं घरीच आलो. दुसऱ्या दिवशी कळलं की नाही. खाली जे लिहितेय ते गावातल्या शाळांपुरतं आहे, तोक्यो-ओसाकावाल्यांचं गणित वेगळं.

पायरी १ : पहिल्याच आठवड्यात रजेचा हिशोब विचारून घ्या

कोणी जपान सरकारच्या जेट प्रोग्रॅममधून येतं (तो १९८७ पासून चालू आहे), कोणी खासगी कंपनीतर्फे, कोणाला गावचं शिक्षण बोर्ड थेट घेतं, आणि तिन्हींचे नियम वेगळे. पगारी रजेला इकडे 'नेंक्यू' म्हणतात, हा शब्द पाठच करा. कायद्याने सहा महिने नोकरी आणि ८० टक्के हजेरी झाली की १० दिवस मिळतात, काही बोर्डं पहिल्या दिवसापासूनच देतात. पण खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे, बऱ्याच ठिकाणी ही रजा तासातासाने घेता येते. दोन वाजता शेवटचा तास संपला, नंतर काही नाही, तर दोन तासांची रजा टाकून घरी. चार वेळा असं केलं की साधारण एक दिवस जातो, आणि तो एक दिवस मला चार रविवारांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय. तुमच्याकडे तासाची रजा चालते का हे व्हाइस प्रिन्सिपलला विचारा, रजेचा कागद बहुतेक त्यांच्याचकडे असतो.

सगळ्या रजा डिसेंबरच्या भारतवारीसाठी जपून ठेवू नका. इकडे आजारपणाची वेगळी रजा असतेच असं नाही, लोक तापातही नेंक्यूच टाकतात, म्हणून तीन-चार दिवस हातचे राखा. आणि दिवाळीचा एक दिवस आधीच लिहून टाका, कारण शाळेत दिवाळी वगैरे काही नसते, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी पहिल्या वर्षी सहावीच्या पोरांना महिन्यांची नावं शिकवत होते आणि नोव्हेंबर म्हणताना घसा दाटून आला. तेव्हापासून त्या दिवशी सुट्टी म्हणजे सुट्टी, मग फराळात नुसते पोहे तळलेले असले तरी चालेल.

पायरी २ : शाळेच्या दिवसातल्या फटी शोधा

कायद्यात सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर ४५ मिनिटांची सुट्टी आहे. शाळेत मात्र जेवणाची सुट्टी ही सुट्टी नसतेच. शिक्षक पोरांबरोबर वर्गातच जेवतात, तेही तुमच्याशी बोलायला आसुसलेल्या सहा पोरांच्या मध्ये बसून, त्यानंतर १५-२० मिनिटं सगळ्यांनी मिळून शाळा झाडायची. तुमची 'सुट्टी' कागदावर पोरं गेल्यावर लिहिलेली असते, आणि ती कोणी घेताना दिसत नाही. तुम्ही घ्या. उठून बाहेर चक्कर मारून या, कोणी काही म्हणत नाही.

मला सापडलेल्या फटी सांगते. झाडलोटीच्या वेळी शक्यतो जिना किंवा मागचा व्हरांडा मागून घ्या, तिथे पोरं कमी असतात, फडका मारताना डोकं शांत होतं. मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये बसून बिझी असल्याचा अभिनय करण्यापेक्षा लायब्ररीत जा, "तयारी करते" म्हटलं की झालं, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं वाचा, जपानीही सुधारतं. प्राथमिक शाळेत सकाळी मधली २० मिनिटांची सुट्टी असते तेव्हा पोरं हाताला धरून मैदानावर ओढतात, डॉजबॉल खेळायला. सुरुवातीला मी रोज जायचे आणि अकरा वाजताच माझी बॅटरी संपायची. मग पोरांनाच सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी. पोरं शिस्तीची, तिसऱ्या आठवड्यात सोमवारी एक नवीन पोरगा ओढायला आला तर बाकीच्यांनीच त्याला अडवलं, "आज सेन्सेईंचा, म्हणजे बाईंचा, वार नाही"!

स्टाफरूममध्ये टेबलाशीच डुलकी घेणारे शिक्षक दिसतील, त्याला नाव पण आहे, 'इनेमुरी'. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट बिचारा किती दमलाय असं समजतात. पण नवीन माणसाने पहिल्या महिन्यात नको, तुम्ही अजून दमण्याइतकं काम केलंय असं कोणाला पटलेलं नसतं.

पायरी ३ : सव्वाचारला निघा

लिहायला सोपं वाटतं. माझं कॉन्ट्रॅक्ट आठवड्याला ३५ तासांचं, सव्वाआठ ते सव्वाचार. पण सव्वाचारला स्टाफरूम भरलेली, एकही जपानी शिक्षक हललेला नाही, आणि आपण पर्स उचलायची? २०१८ च्या ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचे आठवड्याचे कामाचे तास ५६ निघाले होते, भाग घेतलेल्या सगळ्या देशांत जास्त. आपल्याकडे साहेब उठल्याशिवाय उठायचं नाही हा संस्कार आहेच, त्यात हे. मी चार महिने साडेपाच-सहापर्यंत बसले, काय केलं म्हणाल तर पेन्सिलींना टोक काढलं.

शेवटी शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी, माझ्या आईच्या वयाच्या, हळूच विचारलं की तुझी बस चुकते का रोज? त्यांना वाटत होतं मला घरी जायला काहीतरी अडचण आहे. म्हणजे माझ्या थांबण्याचं कौतुक वगैरे कोणालाच नव्हतं, काळजी होती. तुमचं कॉन्ट्रॅक्ट वेगळं आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. उठायचं, "ओसाकिनी शित्सुरेई शिमास" म्हणजे तुमच्याआधी निघते, माफ करा, असं जरा मान झुकवून म्हणायचं, सगळीकडून "ओत्सुकारेसामा", म्हणजे दमलीस हो, असं येतं, आणि बाहेर. दोन वाक्यांत मामला खलास.

नाही म्हणायचंही असंच शिकावं लागतं. गावात तुम्ही एकटेच परदेशी, त्यामुळे संध्याकाळचा इंग्रजी क्लास, रविवारचा मेळा, कोणाच्यातरी नातवाशी गप्पा, सगळीकडून बोलावणं. सरळ "नाही" म्हणू नका, दातांतून श्वास आत ओढा आणि "त्या दिवशी चोत्तो…" म्हणून वाक्य अर्धवट सोडून द्या. चोत्तो म्हणजे 'जरा'. पुढचं समोरचा समजून घेतो. महिन्यातनं दोन बोलावणी घ्यायची, त्यापुढे चोत्तो, हा माझा कोटा.

पायरी ४ : घरच्या फोनची वेळ बदला

हे कोणी सांगत नाही म्हणून ठासून सांगते. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. आई सात वाजता दिवाबत्ती करून निवांत फोनला बसते तेव्हा इकडे साडेदहा वाजलेले असतात, बोलता बोलता बारा, आणि सकाळी सहाला उठायचं. बाबांचं आयपीएल साडेसातला चालू होतं म्हणजे इकडे रात्री अकराला, मॅच संपेतो पावणेतीन. माझी पहिल्या वर्षाची अर्धी झोप घरच्या प्रेमाने खाल्ली. मग शनिवार-रविवार सकाळी साडेदहाचा फोन ठरवला, तिकडे सात वाजलेले, आईचा चहा, माझा दुसरा चहा, दोघी ताज्यातवान्या. आठवडाभर नुसते व्हॉइस मेसेज. आई पंधरा दिवस रुसली होती, नंतर तिलाच ते बरं वाटायला लागलं कारण रात्रीची मालिका चुकत नाही.

पायरी ५ : घर आरामाचं करा

गावातली घरं थंडीत आतून बाहेरपेक्षा गार असतात, भिंतींत काही दमच नाही. कोतात्सु घ्या, सेकंडहँड दुकानात मिळतो, खाली हीटर लावलेलं ते बुटकं टेबल आणि वर गोधडी. आत पाय घातले की उठवत नाही, त्यातच झोपू नका फक्त, सकाळी घसा सुकतो. रॉकेलचा फॅन हीटर तीन तासांनी आपोआप बंद पडतो तो बिघडला म्हणून नाही, खिडकी उघडून हवा बदला म्हणून. रॉकेलचा १८ लिटरचा कॅन शुक्रवारीच भरून आणा, रविवारी रात्री संपला की सोमवार गेलाच म्हणून समजा. पावसाळ्यात फुतोन, म्हणजे जमिनीवर घालायची गादी, झटकून मग झोपा, आमच्याकडच्या घोणीसारखी 'मुकादे' असते, चावली तर आराम राहिला बाजूला.

स्वयंपाक हा माझा खरा विसावा. इथल्या गॅसला सेन्सर असतो, तवा जास्त तापला की आपोआप ज्योत बारीक होते, फोडणी करताना चिडचिड होईल, धीर धरा. तूरडाळ ऑनलाइन मिळते, आणि जपानी तांदळाचा गुरगुट्या भात असला होतो की विचारू नका. पण कुकरची गोष्ट ऐकाच. दुसऱ्याच आठवड्यात सकाळी सहाला मी वरणाचा कुकर लावला, तीन शिट्ट्या घेतल्या. संध्याकाळी शेजारच्या ओबाचान, म्हणजे आजी, वय ऐंशीच्या पुढे, हातात एक मुळा घेऊन दारात. आधी हवापाण्याचं बोलल्या, मग हळूच विचारलं, सकाळी रेल्वेचा आवाज आला का तुला? आमच्या गावावरून जाणारी सान्को लाइन, गोत्सु ते मियोशी, १०८ किलोमीटरची, २०१८ च्या मार्चअखेर कायमची बंद झाली. ओबाचानना वाटलं चालू झाली की काय परत! मी कुकर आणून दाखवला, शिट्टी काढून हातात दिली, त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, फुंकर मारून बघितली, आणि म्हणाल्या वाजव रोज, बरं वाटतं. त्यामुळे तुमचं काय ते शेजाऱ्यांना विचारून घ्या, माझी शिट्टी मात्र अधिकृत आहे.

पायरी ६ : ओनसेन, लाज सोडून

गरम पाण्याच्या झऱ्याचं सार्वजनिक स्नानगृह म्हणजे ओनसेन. आत अंगावर काही नाही, चड्डीबनियन पण नाही, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. मी आठ महिने टाळलं. काय ती आपली मराठी लाज, त्यात गाव एवढं लहान की आत विद्यार्थिनीची आई भेटणार हे नक्की. भेटलीच, पहिल्याच दिवशी, आणि तिने तशाच अवस्थेत कमरेत वाकून नमस्कार करून "मुलगी इंग्रजीत जरा कच्चीच आहे ना" म्हणून विचारलं. मीही वाकले, दुसरं काय करणार.

जायचं कसं ते क्रमाने सांगते. चपला बाहेर, कपडे टोपलीत, हातात फक्त छोटा टॉवेल. आत छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, मगच पाण्यात उतरायचं, कारण टाकी धुण्यासाठी नसते, बसण्यासाठी असते. केस वर बांधा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवतात. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. टॅटू असेल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही, माझी आजी आली असती तर तिच्या हातावरच्या तुळशीच्या गोंदणाचं काय केलं असतं हा प्रश्न मला अजून पडतो.

आमच्या बाजूला युनोत्सु म्हणून समुद्राकाठचं जुनं गाव आहे, २००७ साली जागतिक वारसा झालेल्या इवामी गिंझान चांदीच्या खाणीच्या परिसरात ते येतं. तिथे दोन जुनी स्नानगृहं, त्यातल्या याकुशियुचं पाणी १८७२ च्या भूकंपानंतर वर आलं म्हणतात. पाणी कडक, चक्क चटका बसतो, आणि आत गावातल्या आज्या मानेपर्यंत निवांत बसलेल्या. त्यांची बरोबरी करायला जाऊ नका. आधी तांब्याने पायावर, मग खांद्यावर पाणी घ्या, मग घोट्यापर्यंत, मग बसा, पहिल्यांदा तीन मिनिटं पुष्कळ. हलू नका, हललं की जास्त भाजतं, ही युक्ती मला एका आजीनेच दंड धरून शिकवली. उपाशीपोटी जाऊ नका, बाहेर आल्यावर पाणी प्या आणि दहा मिनिटं नुसतं लाकडी बाकावर बसा. ती दहा मिनिटं! हात जड, डोकं रिकामं, जपानीतलं एकही क्रियापद आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही. बुधवारी संध्याकाळी जायची सवय लावा, आठवड्याच्या मधोमध, शनिवारची वाट बघू नका.

नग्नतेचं अगदीच जमत नसेल तर 'आशियु' शोधा, नुसते पाय बुडवून बसायचं उघड्यावरचं कुंड, बहुतेक फुकट. मात्सुएला, म्हणजे आमच्या प्रांताच्या मुख्य शहरात, शिंजिको ओनसेन स्टेशनसमोरच एक आहे.

पायरी ७ : गावाबाहेर पडा, पण रोज नाही

गाडी लागतेच. भारतात आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून या, जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून. पिवळ्या पाटीची ६६० सीसीची छोटी गाडी घ्या, डिसेंबरच्या आधी बर्फाचे टायर घाला. आणि संध्याकाळी डोंगराकडे पायी जायचं असेल तर पिशवीला घंटा बांधा, इकडे अस्वलं आहेत, मस्करी नाही.

माझी सुरुवातीची चूक म्हणजे दर शनिवार-रविवार हिरोशिमा, ओसाका, पळापळ. सोमवारी पोरं विचारायची सेन्सेई आजारी आहात का. आता महिन्यातनं एकच रविवार, दोन तास गाडी चालवून मात्सुए. शिंजी तळ्याच्या काठावर शिमाने आर्ट म्युझियम आहे, मार्च ते सप्टेंबर ते बंदच होतं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, म्हणजे घड्याळावर नाही, सूर्यावर! लोक चित्रं सोडून काचेसमोर उभे राहतात. सरकारी टाइमटेबलमध्ये सूर्यास्त बसवणाऱ्या लोकांवर मला राग धरता येत नाही, मग बाकी फॉर्म कितीही भरायला लावोत.

त्याच गावात किल्ल्याच्या खंदकाजवळ लेखक लाफ्कादिओ हर्नचं भाड्याचं घर जपून ठेवलंय. हा आपल्या धंद्यातला आद्य माणूस, १८९० च्या ऑगस्टमध्ये इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, पुढे जपानी झाला, कोइझुमी याकुमो नावाने. चटईवर बसलं की तीन बाजूंना छोटी बाग दिसते, शाळेतून आल्यावर तो तिथेच बसायचा. आणि मात्सुएची थंडी त्याला सोसली नाही, सव्वा वर्षात, नोव्हेंबर १८९१ मध्ये तो दक्षिणेला कुमामोतोला निघून गेला. म्हणून पहिल्या हिवाळ्यात रडू आलं तर लाजू नका. जपानच्या समुद्राच्या या बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारी आभाळ राखाडीच असतं, ऊन आलं की पाच मिनिटं का होईना बाहेर उभे राहा. आठवडाभर झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही असं झालं तर इंग्रजीत बोलून घेणारी 'टेल' ही हेल्पलाइन आहे, किंवा शाळेच्या नर्सबाईंना सांगा, त्या पोरांइतकंच मोठ्यांचंही ऐकतात.

शरद ऋतूत मात्र एक रात्र झोप सोडाच. देवळाच्या सणाला इवामी कागुरा, म्हणजे इथला देवापुढचा नाच-नाटकाचा खेळ, असतो, जरीचे जड पोशाख, मुखवटे, ढोल, बासरी, आणि लांबलचक कागदी आठ सापांशी देवाची लढाई. काही गावांत रात्रभर चालतो. पोरं घोंगड्या घेऊन पुढे झोपलेली, आज्या डबे उघडून बसलेल्या, आणि पहाटे साप आले की सगळे जागे. मी दशावतार बघत वाढलेली, तिथे बसल्यावर मला कुठल्या देशात आहे तेच आठवेना. दुसऱ्या दिवसाची चार तासांची नेंक्यू आधीच टाकून ठेवा, आमच्या शाळेत अर्धा स्टाफ टाकतो.

पायरी ८ : सुट्टीतली खुर्ची

उन्हाळ्याची सुट्टी पोरांना, तुम्हाला नाही. जुलैअखेर ते ऑगस्टअखेर रिकाम्या शाळेत टेबलाशी बसायचं. सुरुवातीला वेड लागेल. मी दिवसाचे तुकडे पाडते, सकाळी दोन तास पुढच्या टर्मची कार्डं, मग कांजी, म्हणजे जपानीतली चित्रलिपी, डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेसाठी, दुपारी पोहण्याच्या तलावाशी पोरांबरोबर, तीन वाजता चहा. ऑगस्ट १३ ते १६ ओबोन, म्हणजे पूर्वजांचा सण, तेव्हा शाळा ओस पडते, तीच रजा टाकायची वेळ, पण विमानाची तिकिटं तेव्हा आणि २९ एप्रिल ते ५ मेच्या लागोपाठ सुट्ट्यांच्या गोल्डन वीकमध्ये महाग, म्हणून मी भारतात फेब्रुवारी-मार्चच्या आसपास जाते आणि ओबोनला गावातच थांबते. ओबाचानचा मुलगा हिरोशिमाहून येतो, मला पण जेवायला बोलावतात, आणि यंदा त्यांनी आधीच निरोप दिलाय की येताना ती शिट्टीवाली डाळ घेऊन ये.